अठ्ठावीस सेकंदांची चावी

अरुशाच्या बाजारामागे, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून ऐकांडे म्लाय या बाईचा फोटो स्टुडिओ होता. मूळ तो तिच्या नवऱ्याचा. तो तापानं गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता दुकान विकून डोंगरावर माहेरच्या केळीच्या बागेत परत जाणार. तिनं दुसऱ्या सोमवारी दार उघडलं, पडदा झटकला आणि रांगेत पहिला उभा होता त्याला म्हणाली, "बसा. हनुवटी खाली."

मी सेन्कोंडो, शिकारीच्या तळावरचा आचारी. सफारी नसली की सकाळचा चहा मी तिच्याच बाकावर बसून प्यायचो. लोक फोटोला मयताला आल्यासारखे बसत. मी कोपऱ्यातून काहीतरी बोलायचो, ते हसले की ती बटण दाबायची. अशी आमची भागीदारी.

सन अडुसष्टच्या जूनमध्ये स्टाव्रो मला शोधत दुकानात आला. स्टाव्रो म्हणजे आमचा शिकारी साहेब. त्याचा बाप ग्रीसहून आला होता, पण हा इथल्या घायपाताच्या मळ्यातच वाढला. आमच्या भाषेत आमच्यापेक्षा जास्त शिव्या त्याला यायच्या.

"नैरोबीचा कॅमेरावाला मोटारसायकलवरून पडलाय," तो म्हणाला. "पाय मोडला. वीस दिवसांनी पाहुणा उतरतोय. डेन्मार्कचा दातांचा डॉक्टर, आफ्रिकेतली पहिलीच शिकार. त्याला सगळ्याचा सिनेमा हवाय. आता सिनेमा कोण काढणार, तू?"

"मी भाकरी काढतो साहेब."

ऐकांडे फोटो कापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "सिनेमाचा कॅमेरा कुठाय?"

"माझ्या गाडीत. का?"

"आणा. बघते."

"बाई, तिथं नवरा-नवरी खुर्चीवर बसलेली नसतात."

"नवरा-नवरीसुद्धा पळून जातात कधी कधी. आणा तरी."

कॅमेरा आला. विटेएवढं, जड, काळं यंत्र. त्याला वीज लागत नव्हती. बाजूला एक चावी होती, घड्याळासारखी ती फिरवून भरायची. पूर्ण चावी भरली की यंत्र अठ्ठावीस सेकंद चालायचं, मग बंद. मग पुन्हा चावी. ऐकांडेनं दिवसभर ते उघडलं, मिटलं, अंधाऱ्या खोलीत नुसत्या बोटांनी रीळ चढवून पाहिलं. संध्याकाळी ती स्टाव्रोच्या कचेरीत गेली आणि म्हणाली, "मी येते. पण फिल्मची एक प्रत माझ्या दुकानात राहील." स्टाव्रोकडे दुसरं कुणी नव्हतं. तो हो म्हणाला.

त्या वीस दिवसांत तिनं जी मेहनत केली ती मी डोळ्यांनी पाहिली. सकाळी गुरांच्या बाजारात जाऊन ती पळणाऱ्या बकऱ्यांवर रिकामा कॅमेरा धरायची. दुपारी फुटबॉलच्या मैदानात चेंडूमागे नजर ठेवून चालायची. चावी फिरवून फिरवून अंगठ्याला फोड आला, फुटला, तिथं घट्टा पडला. यंत्र चालताना टिकटिक घरघर करायचं. हा आवाज जनावराला ऐकू जाईल म्हणून तिनं जुना कांगा, बायका कमरेला गुंडाळतात ते रंगीत कापड, दुहेरी करून, आत कापूस भरून त्याला दुलई शिवली. भिंगापुरतं आणि बटणापुरतं भोक.

खरी अडचण बंदुकीची होती. स्टाव्रो नदीकाठी बंदुकीचा नेम तपासायला गेला तेव्हा त्यानं तिला बरोबर नेलं. पहिल्या बाराला तिचे खांदे कानाला लागले. दुसऱ्याला तेच. दुकानापाशी उतरताना मला म्हणाली, "भाऊ, तुझ्याकडे ॲल्युमिनियमचं मोठं झाकण आहे ना?"

"आहे. का?"

"उद्यापासून माझ्या कानामागे वाजव. मी सांगेन तेव्हा वाजवायचं नाही. तुला वाटेल तेव्हा."

मी वाजवलं. ती चहा ओतताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, कुलूप लावताना. पहिले दोन दिवस चहा माझ्याच पायावर सांडला. सायकलवाला म्हणायचा, विधवा आणि आचारी दोघं मिळून वेडे झालेत. बाराव्या दिवशी ती सुईत दोरा ओवत होती, मी अगदी कानाशी दणका दिला. दोरा सुईत गेला. तिनं गाठ मारली आणि म्हणाली, "बास झालं. आता झाकण पातेल्यावर ठेव."

तिनं खाकी पँट शिवून घेतली. ती घालून बाजारातून चालली तेव्हा टोमॅटोवाली ओरडली, "ऐकांडे, पँट चढवलीस, आता मिशा कधी?"

"मिशा आल्या की तुझ्याच लेकीला मागणी घालायला येते," ऐकांडे म्हणाली. सगळी ओळ हसली, टोमॅटोवालीसुद्धा.

लुंद डॉक्टर उतरला. उंच, लाजाळू माणूस, अंगावर कोरे करकरीत कपडे, घडीच्या रेघांसकट. दोन दिवसांचा खडखडाट करत आम्ही इकोमाच्या मुलखात ग्रुमेटी नदीकाठी तळ टाकला. तिथं माकुरू आम्हाला येऊन मिळाला. माकुरू त्याच मुलखातला, साठीचा, काटक अंगाचा. माग काढण्यात त्याचा हात धरणारा मी पाहिला नाही. त्यानं ऐकांडेकडे पाहिलं नाही, तिच्या पायांकडे पाहिलं. तिनं नवऱ्याचे बूट घातले होते, पुढे चिंध्या कोंबून.

"हे कुणाचे पाय?" त्यानं विचारलं.

"नवऱ्याचे, बाबा."

"त्याला घरी ठेव." दुसऱ्या दिवशी त्यानं तिला टायरच्या चपला करून आणून दिल्या.

तिसऱ्या दिवशी तिची फजिती झाली. झुडपामागे एक थोराड हरीण उभं होतं. तिला शिंग दिसलं तसं तिनं बटण दाबलं. अठ्ठावीस सेकंद झुडूप चित्रित झालं. यंत्र थांबलं आणि नेमकं तेव्हा हरीण बाहेर आलं, लुंदनं नेम धरला, गोळी लागली, हरीण कोसळलं. ऐकांडे चावी फिरवत राहिली. तळावर आल्यावर ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली. तिच्याकडे एक वही होती. प्रत्येक रिळाचा नंबर, उजेड कसा, जनावर किती पावलांवर, सगळं ती त्यात लिहायची. त्या दिवशी तिनं लिहिलं, 'रीळ चार. झुडूप.' आणि वही मिटली.

माकुरू हात शेकत बसला होता. म्हणाला, "तू शिंग पाहिलंस. मी कान पाहत होतो. कान मागे गेल्याशिवाय ते हलत नाही."

"मला कान दिसला नाही, बाबा."

"दिसणार नाही. मला दिसायला चाळीस वर्षं गेली. तू माझा हात बघ. मी बोट उचललं की दाब. तोवर तुझं यंत्र झोपलेलं राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या मागे तीन पावलांवर चालू लागली. त्याचा डावा हात मांडीशी लोंबत असे. तर्जनी उचलली की हिची चावी सुटायची. रानडुक्कर मिळालं, टोपी जातीच्या हरणांचा अख्खा कळप मिळाला. आणि मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, रिळात शेवटी थोडी फिल्म उरली की ती माकुरूला टिपायला लागली. तो वाकून गवताची काडी बोटानं कशी बाजूला करतो, शेण चिमटीत कसं चुरडतो, वाऱ्याला राख कशी सोडतो.

"माझं काय काढतेस?" तो चिडायचा. "मी काय जनावर आहे?"

"जनावर सापडतं कुठून, ते काढतेय."

आठव्या दिवशी रानरेडा. पुढचं मी स्वतः पाहिलं नाही, मी तळावर पाव भाजत होतो. पण चौघांच्या तोंडून ऐकलंय, आणि फिल्म तर इतक्या वेळा पाहिलीय की डोळे मिटून सांगेन.

म्हातारा, एकटा रेडा होता. लुंदनं घाईनं चाप ओढला, गोळी पोटात लागली आणि रेडा नदीकाठच्या बोरूच्या बनात घुसला. लुंद खाली बसला, तोंड हातात धरून. जखमी जनावर सोडून जाता येत नाही, हा आमच्यातला नियम आहे, आणि माणसं मरतात ती याच वेळी. स्टाव्रोनं बंदूक भरली. "डॉक्टर, उठा. तुम्ही माझ्या डाव्या हाताला. बाई गाडीत बसेल."

"गाडीतून काय काढू?" ऐकांडे म्हणाली. "तुमची पाठ?"

"पाठ काढ. नाहीतर उद्या मी तुझं प्रेत काढायचं."

"साहेब, या माणसानं याच्यासाठी समुद्र ओलांडला. आणि तुम्ही मला याच्यासाठीच आणलंत."

स्टाव्रो शिवी देणार होता, पण आधी माकुरू बोलला. "ती माझ्या मागे येईल. तुमच्या दोघांच्या बुटांचा आवाज होतो, तिचा होत नाही."

ते आत शिरले. बोरू डोक्यापेक्षा उंच, आत दमट, चिलटं. पाव तासात साठ पावलं. ठिकठिकाणी रक्त. माकुरू थांबला. कुणालाच काही दिसत नव्हतं. ऐकांडे सांगते, त्या वेळी तिचा अंगठा बटणावर होता आणि सगळं अंग म्हणत होतं, दाब, दाब. तिनं माकुरूच्या हाताकडे पाहत श्वास धरला. माशी येऊन तिच्या पापणीवर बसली. बोट खालीच होतं. किती वेळ गेला ते तिला माहीत नाही.

बोट उठलं. तिनं दाबलं.

फिल्ममध्ये डाव्या कोपऱ्यात माकुरूचा कान दिसतो, मधे नुसता बोरू. तीन सेकंद, चार सेकंद. मग बोरू आतून फाटतो आणि काळं काहीतरी बाहेर येतं, नाक वर करून, शिंगांवर गवत अडकलेलं. लुंदची बंदूक वाजते. या वेळी त्यानं घाई केली नाही. रेडा तसाच येतो. माकुरू बाजूला होतो, पळत नाही, वाट दिल्यासारखा एक पाऊल सरकतो. त्यामुळे आता ऐकांडेच्या आणि रेड्याच्या मधे काहीच नाही. स्टाव्रोची बंदूक वाजते. रेड्याचे गुडघे वाकतात, तो छातीवर घसरत येतो, माती उडते, आणि तो थांबतो. सात पावलं. नंतर माकुरूनं मोजली.

एवढ्या सगळ्यात चित्र एकदाही हललं नाही.

यंत्र बंद पडलं तेव्हा तिनं चावी भरली. लुंदनं टोपी काढली आणि माकुरूचा हात दोन्ही हातांत धरला, तेही तिनं घेतलं. माकुरूनं गवताची एक काडी रेड्याच्या डोळ्याला लावून पाहिली, तेही घेतलं. मग ती म्हणाली, "आता मी बसते," आणि बसली.

रिळांचे डबे फिल्म धुण्यासाठी परदेशी गेले. सात आठवडे लागले. ते सात आठवडे रेड्यापेक्षा वाईट होते. रीळ उलटं चढलं असेल, आत उजेड शिरला असेल, दुलईचा कापूस भिंगापुढे आला असेल, रोज नवी शंका. डबे आले त्या दिवशी तिनं भर दुपारी दुकान बंद केलं, दाराला घोंगडी लावली, भिंतीवर चादर, समोर उसना आणलेला प्रोजेक्टर. आम्ही दोघंच. रीळ चार लागलं. झुडूप. ती म्हणाली, "झुडूप छान आलंय." मग पुढची रिळं. रेडा आला तेव्हा मी बाकावरून मागे पडलो. ती उभीच होती, हाताची घडी घालून. फिल्म संपली, दिवा लावला तर तिचा चेहरा ओला होता. "भाऊ," ती म्हणाली, "स्वच्छ आलंय. सगळं स्वच्छ आलंय."

लुंदचं पत्र आलं. त्यानं आपल्या गावच्या सभागृहात दोनशे माणसांना फिल्म दाखवली होती. लोकांनी रेड्याबद्दल विचारलंच, पण सगळ्यांनी विचारलं, तो पुढे चालणारा माणूस कोण?

"हे त्याला सांगायला हवं," ऐकांडे म्हणाली. "आणि दाखवायला हवं."

मिशनच्या दवाखान्यानं जनरेटर दिला. माकुरूच्या गावच्या शाळेच्या खिडक्यांना आम्ही पोती लावली. अख्खं गाव आत, उरलेलं दारात. माकुरू पहिल्या बाकावर, शेजारी त्याची बायको न्याकाहो. तिनं तीस वर्षं नवऱ्याला कामावर जाताना आणि कामावरून येताना पाहिलं होतं, कामावर कधीच नाही.

पडद्यावर माकुरू गवतातून चालायला लागला. तो वाकला, काडी बाजूला केली, राख सोडली. कुणी खोकलं नाही. रेडा आला तेव्हा मागच्या दोन रांगा ओरडत बाहेर पळाल्या. न्याकाहो जागची हलली नाही. नवरा पडद्यावर एक पाऊल बाजूला सरकला, तेव्हा तिनं शेजारच्या खऱ्या नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

फिल्म संपल्यावर ती म्हणाली, "तू असा चालतोस? घरात तर पाय घासत फिरतोस."

माकुरू ऐकांडेकडे वळून म्हणाला, "पुन्हा लाव."

चार वेळा लावली. बाहेर बकरं कापलं होतं. म्हाताऱ्यांनी ऐकांडेला आपल्या बाकावर, पुरुषांत बसवलं, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जेवताना न्याकाहोनं काळजाचा तुकडा तिच्या पानात घातला.

पुढच्या मोसमात स्टाव्रो स्वतः दुकानात आला. त्या दिवशी ओळखपत्रांची मोठी रांग होती. तो सरळ आत घुसायला लागला तशी ऐकांडे म्हणाली, "साहेब, रांग."

तो सोळा माणसांच्या मागे उभा राहिला, उन्हात, टोपीनं वारा घेत. त्याची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "बसा. हनुवटी खाली."

"फोटो नको. तीन पाहुणे आहेत. एक स्पेनचा, दोन जर्मनीचे. तिघांनी लिहिलंय, त्या बाईलाच आणा."

"माग कोण काढणार?"

"माकुरू. दुसरं कोण?"

तिनं वही ओढली, कोरं पान उघडलं. "तारखा सांगा," ती म्हणाली.