ताटलीतली कीड

जाईबाईच्या हाताला गुण आहे, हे पाड्यावर तर सगळ्यांना ठाऊक होतंच, पण खाली कोन गावापर्यंत आणि पार कामतघरच्या चाळींपर्यंतही ते पोचलं होतं. दाताची कीड काढावी ती जाईबाईनंच. कापडाच्या लूमवरचे यूपी-बिहारचे कारागीरसुद्धा शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी गालाला हात लावून टेकडी चढायचे आणि दारात बसकण मारून म्हणायचे, "अम्मा, कीडा निकाल दो." अम्माला हिंदी बेताचीच यायची. पण ठणकणाऱ्या दाताची भाषा कुणाला शिकवावी लागत नाही.

तिची रीत ठरलेली. मातीची खापरी चुलीत लाल होईपर्यंत तापवायची. पाण्यानं भरलेल्या ताटलीत मधोमध दगडावर ती ठेवायची. वर भुईरिंगणीचं वाळलेलं बी आणि चार थेंब तेल टाकायचं, की धूर उसळतो. लगेच भोक पाडलेलं मडकं उपडं घालायचं आणि भोकात पपईच्या देठाची नळी खोवायची. दुखणाईतानं नळी तोंडात धरून धूर घ्यायचा, लाळ गळू द्यायची. थोड्या वेळानं मडकं उचललं की ताटलीत पांढऱ्या, बारीक, वळलेल्या अळ्या तरंगत असायच्या. बघणाऱ्याच्या अंगावर शहारा यायचा. आपल्या तोंडात हे होतं! आणि मग दुखणंही खरोखर कमी व्हायचं. कुणाचं त्याच दिवशी, कुणाचं चार दिवसांनी. तीस वर्षं जाईबाईनं हे केलं, आणि एकदाही लबाडीनं केलं नाही. तिला ही विद्या आईनं दिली होती. आईवर कोण शंका घेतं?

तिचा नवरा कोंडू कामतघरला कापडाचे तागे वाहायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची खालची दाढ इतकी ठणकायला लागली की तो भिंतीवर डोकं आपटायचा. जाईबाईनं धूर दिला, चांगल्या मूठभर अळ्या पडल्या, आणि चौथ्या दिवशी कोंडू म्हणाला, "गेला गो दुखना. तुझ्या हाताला तोड न्हाय." जाईबाई वरवर रागावली, पण दिवसभर हसत होती. दाढेत भोक होतं ते होतंच. कोंडू दुसऱ्या बाजूनं खायला लागला आणि दोघंही ते विसरून गेली.

आठ महिन्यांनी, भादव्यात, त्याच बाजूला जबड्याखाली सूज आली. जाईबाईनं पुन्हा धूर दिला, विटेचा शेक दिला. मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या. तीन दिवसांत सूज उतरली तशी उरलेल्या गोळ्या कोंडूनं कुडाच्या फटीत खोचून ठेवल्या. बरं वाटल्यावर गोळ्या कशाला खायच्या? नंतर सूज परत आली ती दगडासारखी. दोन्ही बाजूंनी, गळ्यापर्यंत. तोंडात बोट जाईना. जीभ वर उचलली गेली, स्वतःची लाळ त्याला गिळता येईना आणि आवाज घोगरा, कुणा परक्याचा वाटावा असा झाला.

तेव्हा कुठं त्याला कामतघरच्या दातांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर धम्मदिना तिथल्याच बुद्धवाड्यात वाढलेली, तिशीतली पोरगी. तिनं कोंडूला खुर्चीत आडवं केलंच नाही. गळ्याला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. तिनंच अँब्युलन्स बोलावली, स्वतः सोबत बसली आणि ठाण्याला पोचेपर्यंत कोंडूला टेकून निजू दिलं नाही. तिथं मोठ्या हॉस्पिटलात श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं. पण पू छातीत उतरला होता. तिसऱ्या दिवशी कोंडू गेला.

महिन्याभरानं जाईबाई एकटीच त्या दवाखान्यात गेली. तिला एवढंच विचारायचं होतं: दाढ तर बरी झाली होती, मग माणूस गेला कशानं?

धम्मदिनानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "आजी, दाढ बरी झाली नव्हती. आतली नस मेली होती. मेलेली नस दुखत नाही, म्हणून थांबलं. पण खाली मुळाशी पू साठत राहिला. ठणकत होती तेव्हाच आला असतात तर दाढ साफ करून भरली असती, नाहीतर काढली असती. सूज आल्यावरसुद्धा त्याच दिवशी यायला हवं होतं."

"पन कीड तर मी काढली होती, बाई."

"कीड हा नुसता शब्द आहे, आजी. दात किडला असं आम्हीही म्हणतो. आत अळी नसते."

"मंग ताटलीत काय पडतं?"

डॉक्टरनं कधी ती ताटली पाहिली नव्हती. ती खरं तेच बोलली, "ते मला नाही माहीत. पण दातातून येत नाही."

घरी येऊन जाईबाईनं भरदुपारी चूल पेटवली. खापरी लाल केली, बी टाकलं, मडकं उपडं घातलं. नळीला तोंड लावायला कुणी नव्हतं. ती एकटी नळीपासून चार हात दूर, हात मांडीवर ठेवून बसली. मग तिनं मडकं उचललं. ताटलीत अळ्या पडल्या होत्या. पांढऱ्या, बारीक, वळलेल्या. तिनं एक चिमटीत धरून दारातल्या उजेडात निरखली. तापलेलं बी फुटून त्यातून उडालेला तो आतला कोंब होता, दुसरं काही नाही. तीस वर्षं माणसांना दाखवला तो हाच. जाईबाई तिथंच बसून मोठ्यानं रडली. शेजारची रंगूबाई धावत आली आणि तिला वाटलं, कोंडूच्या आठवणीनं रडतेय.

त्या दिवसापासून जाईबाईनं धूर देणं बंद केलं. येईल त्याला सांगायची, कामतघरला जा, डॉक्टरबाईकडं जा. ऐकतंय कोण? लोक म्हणायचे, दुखवटा आहे, वर्ष सरलं की पुन्हा बसेल. आणि कोंडूचं म्हणाल तर सगळ्या पाड्यानं त्याच्या गळ्याचं भोक डोळ्यांनी पाहिलं होतं. "चालत गेलेला मानूस मान कापून परत आनला," हेच सगळ्यांच्या तोंडी. जाईबाई कोंडूची गोष्ट जितक्या कळकळीनं सांगायची, तितके लोक डॉक्टरला भ्यायचे. तिनं तोंड उघडावं आणि उलटंच व्हावं, असं चाललं होतं.

अशात एका शुक्रवारी सकाळी तिची भाचेसून ललिता पोरीला घेऊन आली. ललिता कामतघरला लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. जाता-येता दातांच्या दवाखान्याची पाटी तिला रोज दिसायची. पोरगी दिपिका, सात वर्षांची. उजवा गाल टम्म फुगलेला, डोळा निम्मा मिटलेला.

"आत्या, कालपासना जेवली न्हाय. धूर दे जरा."

जाईबाई ताडकन उठली. "ललिता, आत्ताच्या आत्ता उठ. रिक्षा कर. बाईकडं ने हिला."

"दुधाचा दात हाय गो. पडंलच तो. त्याला डॉक्टर कशाला?"

"दुधाचा असला तरी पू तो पूच. सूज आली का त्याच दिशी न्यायचा, बाईनी सांगितलंय."

"तू कोंडूमामाला नेलास ना तिथं?" ललिता एवढंच म्हणाली आणि तिनं पोरीला जवळ ओढलं. ती काही वाईट बाई नव्हती. आठवड्याचे सहा दिवस धाग्याच्या धुरळ्यात उभी राहून ती या पोरीसाठीच राबत होती. तिला पोरीचा गळा शाबूत हवा होता, इतकंच.

मग जाईबाईच्या मनात आलं, सांगून पटत नाही तर दाखवूया. डोळ्यांनी पाहिल्यावर कसं पटणार नाही? तिनं चूल फुंकली. ललिताचा चेहरा खुलला. "तिकडं दारात बसा," जाईबाई म्हणाली. "अजून लांब. हां. आता नीट बघ. पोरीच्या तोंडाला नळी लावत न्हाय मी. कुनाच्याच लावत न्हाय."

बी तडतडलं, धूर उसळला, मडकं उपडं पडलं. दोघी आणि ती पोर मडक्याकडं बघत राहिल्या. दारातून रंगूबाईनंही डोकं आत घातलं. थोड्या वेळानं जाईबाईनं मडकं उचलून बाजूला ठेवलं आणि ताटली ललिताच्या पुढं सरकवली.

"बघ. पोरगी कुठं, ताटली कुठं. तरी पडली ना कीड? आता सांग, ही कुठनं आली?"

ललिता ताटलीवर वाकली. तिचे डोळे मोठे झाले. तिनं दोन्ही हात जोडले आणि ते कपाळाला लावले.

"आत्या! पोरीला हात न लावता काढलीस गो!"

"अगो न्हाय! बियातली हाय ती! बियातला कोंब हाय!"

"आधी नळी लागायची," रंगूबाई दारातून म्हणाली. "आता बसल्या जागी निघते. कोंडू वरनं बघतोय हिच्याकडं."

जाईबाईनं अळी चिमटीत धरून दाखवली, बी फोडून दाखवलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी तिनं ललिताचे दोन्ही खांदे धरले. "मी खोटी हाय, ललिता. तीस वरसं खोटी. कोंडूला डॉक्टरनी न्हाय मारला. या ताटलीनी मारला. मी मारला."

ललिताचे डोळे भरून आले. तिनं पदरानं जाईबाईचं तोंड पुसलं. "असा बोलू नको आत्या. मामा गेला तवापासना तुझा जीव थाऱ्यावर न्हाय. तू जेवतेस तरी का वेळेवर?" आणि ती रंगूबाईला हळूच म्हणाली, "लक्ष ठेव गो हिच्यावर."

जाईबाईला वाटलं ओरडावं, पोरीला हिसकावून घ्यावं आणि टेकडी उतरत पळावं. पण पळून जायचं कुठवर? आईनं हो म्हटल्याशिवाय पोरीचा दात कोण उघडणार? तिचा शब्द जोवर खोटा होता तोवर त्याला वजन होतं. खरं बोलायला लागल्यापासून तिला कुणी खुळीपलीकडं काही समजत नव्हतं. तिनं हात टेकले.

ललिता उठली. "चल ग दिपे, आजीच्या पाया पड."

दिपिका शहाणी पोर. ती गाल धरून आली, वाकली आणि तिनं जाईबाईच्या पायांवर कपाळ टेकवलं. ते कपाळ चुलीतल्या विटेसारखं तापलं होतं.

"ललिता, अगो हिला ताप हाय!"

"असू दे," ललिता पोरीला कडेवर घेत हसून म्हणाली. "कीड निघाली का ताप येतोच. तूच तर सांगायचीस ना, आत्या?"