हनुवटीवरचा व्रण

गोरेगाव या आमच्या तालुक्याच्या गावात बसस्टँडच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या पोरींचे फोटो उजळ करून देण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. सावळी आली तर गोरी करायची, डाग असला तर पुसायचा. यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक तरुण दुकानात आला. नीट कपडे, गोड बोलणं. जवळच्याच गावातल्या एका नर्सशी आपलं जुळतंय, घरच्यांना दाखवायला तिचा फोटो पाहिजे, म्हणाला. स्थळांना दाखवायचा तिचा फोटो मीच काढला होता. पोरीला फोन करून विचारायला एक मिनिटही लागलं नसतं. मी विचारलं नाही. फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवून दिला.

खरं असं होतं की तो तिला पाहून गेला होता आणि तिनं नकार दिला होता. पुढे तिचं देवरी गावच्या एका मुलाशी जुळलं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आठ दिवस राहिले असताना तिच्या होणाऱ्या सासऱ्याच्या मोबाइलवर एक फोटो आला. देवळाच्या दारात ती आणि तो तरुण, दोघांच्या गळ्यात हार. खाली लिहिलेलं, हिचं लग्न झालेलं आहे. सासऱ्यानं तिला एका शब्दानं विचारलं नाही. सोयरीक मोडली. दोन दिवसांत तो फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरला.

पोरगी भर दुपारी एकटीच दुकानात आली. गिऱ्हाइकं बसलेली होती.

"माझा फोटो त्याले काऊन देला?"

तुमचं जुळतंय म्हणाला, असं काहीतरी मी पुटपुटलो. आजकाल मोबाइलवर कोणीही काहीही बनवतो, असंही म्हणालो.

"तुमी देला नसता तर कायचा बनवला असता?"

खरं सांगतो, त्या वेळी मला तिचा रागच आला. चार लोकांसमोर कालची पोरगी मला बोलत होती. तिनं मोबाइल काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, यात खोटं काय ते दाखवा. मी फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. हाराची फुलं, बोटं, चेहऱ्यावरची सावली, सगळं जागच्या जागी. इतक्या वर्षांची माझी नजर, पण खोट सापडेना.

तेव्हा तिनं स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. लहानपणी बोअरिंगच्या हातपंपाच्या दांड्याचा मार बसला होता, त्याचा व्रण. "हा कुठं गेला?"

तो मी पुसला होता. कॅमेऱ्यातला मूळ फोटो उघडला, त्यात व्रण होता. मी सजवून दिलेल्या फोटोत नव्हता, आणि देवळाच्या दारातल्या नवरीलाही नव्हता. कपाळावर सुटलेली केसांची बटसुद्धा तीच.

दोन्ही फोटो घेऊन मी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो. पोरीला न विचारता फोटो दिला, हे मला सहीनिशी लिहून द्यावं लागलं. त्या तरुणाचा मोबाइल जप्त झाला. केस सुरू आहे.

त्याचा बाप दोन माणसं घेऊन दुकानात आला. पोरानं मजाक केला, त्याची जिंदगी कशाला बरबाद करता, म्हणाला. तिची झाली त्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणे, फोटोच तर आहे. मी त्यांना दुकानाबाहेर काढलं. जाताना बघून घेऊ म्हणाले. अजून तरी आले नाहीत.

पण त्यांच्याहून मला शेजारच्या चहावाल्याची चीड जास्त आहे. खोटा फोटो त्यानं दहा जणांना पाठवला. खरं कळल्यावर एकालाही कळवलं नाही. वर हसून म्हणाला, काहीतरी असल्याशिवाय थोडीच. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे.

देवरीवाल्यांनी मागाहून निरोप पाठवला, चूक झाली, पुन्हा बसू. पोरीच्या बापाला ते पटलं होतं. तिनं साफ सांगितलं, "एका फोटोवर सोयरीक मोडली त्यायनं. उद्या दुसरा आला का घरातून काढतीन."

ती नोकरीवर जाते. बाजाराच्या दिवशी कधी समोर येते, पण ओळख दाखवत नाही. तिनं दाखवूही नये.