पंखा तुमचा, सावली आमची

आमच्या मामांइतका रागीट माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर मामांनी त्याला केव्हाच पळवून लावला असेल. एसटी उशिरा आली की ते कंडक्टरवर चिडतात आणि वेळेवर आली की "एवढी घाई कसली?" म्हणून चिडतात. भवानी पेठेत माझ्या घरी आले की छताच्या पंख्यावर खेकसतात. "कोंडलेला वारा किती येळ घुसळशील रं?" म्हणत सगळ्या खिडक्या उघडतात. स्वतःच्या मेंढरांवर मात्र ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

गावच्या माळावर पवनचक्क्या यायच्या ठरल्या, तेव्हा हे पंखे ढग हाकलून लावणार म्हणून अख्खा गाव विरोधात गेला. ग्रामसभेत मामा उठले आणि गावावरच तुटून पडले. "ढग आधी तरी कुटं मुक्कामाला येत हुते? कोळसा धूर बी करतोय आन संपतोय बी. वारा संपतोय व्हय?" गावाने विरोध मागे घेतला. मग मामा कंपनीच्या साहेबाकडे वळले. माळावर औषधालाही झाड नाही. उन्हाळ्यात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. मामांनी ठरावात एकच ओळ घालून घेतली : पंखा तुमचा, सावली आमची. साहेबाने हसत हसत सही केली.

दोन उन्हाळे सुखाचे गेले. खांबाच्या सावलीत मेंढरं एका रांगेत बसायची आणि सावली सरकेल तशी सगळी रांग उठून सरकायची. तिसऱ्या उन्हाळ्यात कंपनीने खांबांना तारेचं कुंपण घातलं. ऐन दुपारी सावली आखडून खांबाच्या पायाशी येते, नेमकी तीच आत गेली. त्या आठवड्यात दोन कोकरं उन्हाने दगावली. वाऱ्याची वीज म्हणजे कुणालाही न दुखावता होणारी प्रगती, असा फलक त्याच कुंपणावर लावला होता. आजही आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आमच्याकडे शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी मानाने बोलावून रानात मेंढरं बसवून घेतात. मामांनी ती न बोलावता कंपनीच्या ऑफिसात नेऊन बसवली. पंख्याखाली, टेबलांखाली, साहेबाच्या गाडीखालीसुद्धा.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडला.

"खत टाकतोय. इकास व्हईल तुमचा," मामा म्हणाले. "सावली सोडा, मेंढरं उठतील."

लेंड्यांचा वास साहेबाला चार वाजेपर्यंत सोसला. मग माणसं तारा कापायला निघाली.

आता मामांचे गुडघे गेले. गेल्या वर्षी त्यांनी मेंढरं विकली, तरी रोज माळावर जातात. परवा उन्हं कलताना मी गेलो, तर खांबाच्या लांब सावलीत बसून पंख्यावर चिडत होते, लई आवाज करतोय म्हणून. मी शेजारी टेकलो.

"फुडं सरक की जरा," ते खेकसले. "तूच समदी सावली अडवलीस, तर मागच्यांनी कुटं बसायचं?"

मी मागे पाहिलं. खांबापर्यंत सावली रिकामी पडली होती. मी सरकलो.