चौदा नंबरची गाडी रिटायर झाली त्याची गोष्ट

शनिवारी सकाळी पोरगी कडेवर, पिशवी खांद्याला आणि जीव मुठीत, अशी मी आकुर्डीतनं निघाले, आमच्या ह्यांची रॅली बघायला. हे कंपनीत शिफ्ट करतात आणि सुट्टी मिळाली की जुनी गाडी मातीच्या रस्त्यावर पळवतात. शेजारी फिरोजभाऊ बसतो, पुढं कसलं वळण हाय ते कागदावरनं वाचून सांगायला. लग्नापासनं मी एकदाबी बघायला गेले न्हवते. घरीच देवापुढं बसायचे, फोन वाजला की आधी हात जोडायचे, मग उचलायचे. पण ओवी झाली आणि घरी बसवेना. म्हणलं, जे व्हायचं ते डोळ्यासमोर होऊ दे.

भोसरीला बस बदलली. मोशीच्या पुढं इंद्रायणीचा पूल आला तसा खिडकीतनं गार वारा आला, ओवी हसली, मलाबी जरा बरं वाटलं. पण चाकणच्या चौकात सगळं गच्च. नव्याकोऱ्या गाड्या भरलेले लांबलचक कंटेनर, कंपनीच्या बसा, कांद्याचे टेम्पो, कोण कुणाला वाट देईना. कंडक्टर म्हणला, "ताई, चालत गेलात तर आधी पोचाल." उतरले तर चपलेचा अंगठाच तुटला. ओढणीची पिन काढून कशीबशी जोडली, एका गाड्यावर वडापाव घेतला, अर्धा खाल्ला आणि टमटम धरली (टमटम म्हंजे तीनचाकी, जागा असंल त्याच्या दुप्पट माणसं बसवून न्यायची).

टमटमवाला डोंगराकडं बोट करून म्हणला, "रॅलीला व्हय? आमचा रस्ता बंद केलाय त्यांनी. एवढ्या घाईनं आमी जेवायला बी जात न्हाई."

मी म्हणलं, "माझे मालक हायत त्यात."

तिथनं तो टमटम हळू चालवायला लागला, खड्डा आला की मागं वळून ओवीकडं बघायचा.

डोंगराच्या पायथ्याला मोठा माळ होता. त्याला सर्व्हिस म्हणतात (गाड्या दुरुस्त करायची जागा). धूळ तर अशी की पोरीच्या पापण्या लाल झाल्या. मांडवात चिंचवडच्या वैशालीताई भेटल्या, त्यांचे मिस्टर नऊ नंबरची गाडी चालवत होते. त्यांनी मला पाणी दिलं, ओवीला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "इथनं काही दिसत न्हाई बघ. ऐकायचं फक्त."

दुपारी भोंग्यावर आवाज आला. "चौदा नंबरची गाडी रिटायर. दोघंही सुखरूप."

चौदा नंबर आमचा. आता रिटायर म्हंजे मला काय माहीत? आमचे सासरे, आण्णा, कंपनीतनं रिटायर झाले तेव्हा शाल, नारळ, हार, सगळी मंडळी घरापर्यंत सोडायला आलेली. दुसऱ्या दिवशीपासनं कामावर जाणं बंद. मला वाटलं, ह्यांनी सोडलं. कायमचं सोडलं. मी तशीच पळत टपरीवर गेले आणि पेढे घेऊन आले.

"ताई, तोंड गोड करा, आमचे हे रिटायर झाले."

वैशालीताई पेढा हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या, मग हसता हसता त्यांना ठसका लागला. "अगं बाई, रिटायर म्हंजे आजच्यापुरती गाडी बाद. उद्या दुरुस्त करून परत उतरतात ते. दंड म्हणून जादा वेळ धरतात, पण उतरतात."

मी खालीच बसले.

"मला तर हा नियम पटतच न्हाई," वैशालीताई म्हणल्या. "बाद म्हंजे बाद. आमचे दिवसभर गाडी जपत चालवतात. मोडणारा उद्या ठणठणीत करून येणार, मग जपायचं कुणी?"

"व्हय ताई, अगदी बरोबर हाय. उतरूच देऊ नये."

मागनं फिरोजभाऊ आला, डोक्यापासनं पायापर्यंत मातीनं माखलेला. "वहिनी, तुमी आमच्या पार्टीत का त्यांच्या?" असं म्हणून त्यानं दोन पेढे उचलले.

गाडी ओढून आणली होती आणि हे तिच्याखाली पडून दुरुस्ती करत होते. मी पायाशी जाऊन बसले. म्हणलं, "अहो, पुरे झालं आता. पोरीकडं बघा."

हे बाहेर आले. हात काळे होते म्हणून ओवीला घेतलं न्हाई, नुसतं नाकानं तिच्या पायाला गुदगुल्या केल्या. मग म्हणले, "पूजे, दरीच्या अंगाचं वळण यायच्या आधी खटकन आवाज आला. चाकाला धरणारा दांडा वाकला होता. मी लगेच बाजूला घेतली. उद्या परत येता येतंय हे ठाऊक होतं म्हणून घेतली. आज थांबलो की संपलं, असा नियम असता तर खोटं कशाला सांगू, तशीच दामटली असती."

ज्या नियमाला मी एवढा वेळ शिव्या घालत होते, त्यानंच माझा माणूस दरीच्या अलीकडं थांबवला होता.

"तू न्हाई म्हणलीस तर न्हाई उतरणार," हे म्हणले.

न्हाई हा शब्द अगदी तोंडात आला होता. पण डोक्यात दुसरंच आलं. "अहो, उद्या तर रॅली संपतीया. उद्या थांबलात तर परवा परत यायला काही न्हाई. मग उद्या आवाज आला तर काय करणार?"

हे हातातला पाना नुसता फिरवत बसले. मग म्हणले, "थांबेन."

"कशावरनं?"

"कशावरनं ते मलाबी उद्याच कळंल."

खोटं बोलले असते तर मी न्हाईच म्हणले असते. हे खरं बोलले म्हणून मी उठले आणि त्यांना पाणी आणून दिलं.

वस्तीवरल्या एका मावशींनी आम्हाला घरी नेलं, पिठलं-भाकरी दिली, वर ओवीला मऊ भात. सकाळी गाडी तपासून पास झाली आणि हे सगळ्यात मागनं सुटले. गाड्या एकेक करून येत गेल्या. नऊ नंबर आली, वैशालीताई टाळ्या वाजवत उठल्या, मग माझ्याकडं बघून परत बसल्या, माझा हात धरून. आमची गाडी काही येईना. भोंगा गप्प. मी ओवीला एवढं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

मग लांबनं माळावरनं दोन माणसं चालत येताना दिसली. हेल्मेट हातात. मी अनवाणीच पळाले.

"काय मोडलं?" मी विचारलं.

"काहीच न्हाई. स्टेअरिंग जरा जड लागत होतं."

"म्हंजे चालली असती?"

"चालली असती बहुतेक," फिरोजभाऊ म्हणला. "संपायला थोडंच राहिलं होतं. मी ओरडत होतो चल म्हणून. ह्यांनी ऐकलं न्हाई."

वैशालीताईंनी निघताना सांगितलं, परत यायला काही हरकत न्हाई, पण निकालात त्याचं नाव कधीच न थांबलेल्याच्या खालीच लागावं. मला ते पटलं. तेवढा मान त्यांचा हाय. पण थांबलेल्याला परत येऊ द्यावं, हे माझं मत आता कुणी बदलू शकत न्हाई.

परत येताना गाडी टेम्पोवर चढवलेली, फिरोजभाऊ मागं तिच्यापाशी आणि आमी तिघं पुढं, ड्रायव्हरशेजारी. चाकणला तसंच सगळं अडलेलं. ओवी ह्यांच्या छातीवर झोपली होती आणि हे खिडकीतनं बाहेर बघत होते, डोळे भरलेले, मला दिसू नये म्हणून. वर्षभर राबून निकालात नावबी न्हाई.

मी हळूच विचारलं, "अहो, पुढची रॅली कधी हाय?"