मुळं नसलेले दात

"ताई, तुमच्या दातांना मुळं नीट तयारच झालेली नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी एकटीच गेले होते. तिथे ओपीजी काढला. ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा एकच एक्स-रे. पडद्यावर माझे दात वरून चांगले दिसत होते, पण खाली मुळांच्या जागी नुसती आखूड टोकं.

आजाराचं नाव डेंटिन डिस्प्लेशिया. दाताच्या आतला भाग जन्मापासूनच नीट घडत नाही. मुळं वाढत नाहीत आणि न किडताच दात हलायला लागतात.

मी पवनीच्या बाजारात मासे विकते. भाऊ-वहिनीकडे राहते. पहिला दात भात खाताना पडला.

वहिनी म्हणाली, "काहून पडला? चोरून खर्रा खात असशील."

मी कधी तंबाखूला हातही लावला नव्हता. समोरचा दात गेला आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. मग मी चारचौघांत बोलणंच टाकलं.

"घरात आणखी कोणाला असं होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आईले. तरणी होती तेव्हाच सारे दात गेले तिचे."

"मग हे आईकडून आलं असणार. यात दोष तुमचाही नाही, त्यांचाही नाही."

तेव्हा मला रडू फुटलं. गावानं आईला घाणेरडी म्हटलं होतं. ती बिचारी हिरड्यांतून रक्त येईपर्यंत राखेनं दात घासायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली.

डॉक्टरबाईंनी हलणारे दात बारीक तारेनं एकमेकांना बांधले. कडक खायचं नाही, सफाई चुकवायची नाही. पुढे कवळी लागेलच. पण त्यांनी मला दोषी धरलं नाही, हे उपकार मी विसरणार नाही. तुमचेही दात उगाच हलत असतील तर लोकांचं ऐकण्याआधी एक्स-रे काढा.

घरी वहिनीनं एक्स-रेची फिल्म उजेडात धरून पाहिली. "मले का मालूम होतं," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे वळली.

परवा बाजारात एका बाईनं विचारलं, "तुहे दात कायनं पडले वो?"

"जन्मापासूनच मुळं नाहीत त्याईले," मी मोठ्यानं सांगितलं.

"अस्सं का," म्हणून तिनं मासे घेतले आणि गेली. या एका प्रश्नाला मी इतकी वर्षं भीत होते.

घरी येऊन हे कोणालाच सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं.