चार वाजता थांबणारी गिरणी

बेलापुरातल्या आमच्या घराची मागची भिंत आणि पिठाच्या गिरणीची भिंत एकच आहे. गिरणी चालू असली की माझ्या पुस्तकांच्या कपाटाची काच बारीक थरथरते. बाजरी दळत असेल तर तिचा गरम, किंचित कडसर वास खिडकीतून थेट टेबलावर येतो. महाविद्यालयात मराठी शिकवण्याची नोकरी संपवून मी इथे राहायला आले, तेव्हा या थरथरीबद्दल माझी तक्रार होती. आता ती नसली तर मला काम सुचत नाही.

ते काम म्हणजे वाचन. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके आवाजात साठवणारे एक संकेतस्थळ आहे. आम्ही वाचकांनी घरी बसून पुस्तक वाचायचे, ध्वनिमुद्रण तिथे चढवायचे आणि विद्यार्थ्याने ते ऐकायचे. प्रत्येक कलमाला खूण असते, त्यामुळे डोळस माणूस पान उलटतो तसे ऐकणाऱ्याला हव्या त्या कलमावर जाता येते. माझ्या वाट्याला करार कायद्याचे जाडजूड पुस्तक आले होते. ते श्रीगोंद्याकडच्या एका शेतकरी घरातल्या मुलीसाठी होते. जन्मापासून अंध असलेली ती मुलगी नगरला वसतिगृहात राहून वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकत होती. कवितेवर पोसलेल्या माझ्या जिभेला कायद्याची वाक्ये सुरुवातीला खडीसारखी लागली. मग कळले की त्यांनाही लय आहे. ‘परंतु’पाशी श्वास घ्यायचा आणि ‘तथापि’पाशी आवाज जरा खाली उतरवायचा.

अडचण गिरणीची होती. गिरणी चालवणाऱ्या वहिनींना एकदा कारण सांगून संकोचतच विचारले, दिवसातून अर्धा तास ती बंद ठेवता येईल का.

“आंधळ्या पोरीसाठी व्हय?” त्यांनी विचारले. “मंग चार ते साडेचार मोटार बंद ठिवीन. तेवढा येळ बाया बसत्याल गप्पा मारीत.”

“वहिनी, गप्पाही नकोत.”

“लईच अवघड काम हाय बाई तुमचं,” त्या म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवसापासून चारच्या ठोक्याला काच थरथरायची थांबली. दळणाचे डबे मांडीशी घेऊन बायका पायरीवर मुकाट बसू लागल्या. त्या शांततेला पिठाचा वास होता. मी तिच्यात वाचत असे.

शेवटची दोन प्रकरणे उरली होती आणि मुलीच्या परीक्षेला आठ दिवस होते, तेव्हा एका दुपारी संकेतस्थळ उघडेना. पडद्यावर लाल चौकट आली. हे ठिकाण धोकादायक आहे, इथे प्रवेश बंद आहे, असा तिचा आशय होता. मोबाईलवरही तेच. संकेतस्थळाच्या पुण्यातल्या कचेरीत फोन केला, तर पलीकडून नवलाने उत्तर आले, “आमच्याकडे तर उघडतंय, मॅडम.”

एवढ्यात मुलीचाच फोन आला.

“मॅडम, माझ्याकडे लाल काहीतरी येतंय म्हणे. मैत्रिणीनं वाचून दाखवलं. आधीची प्रकरणंही मिळत नाहीत. पुस्तक कुणी हातातून काढून घेतल्यासारखं झालंय.”

माझ्याकडे मूळ ध्वनिमुद्रणे नव्हती. जुन्या संगणकात जागा पुरत नसे, म्हणून एक प्रकरण चढवले की मी ते इथून पुसून टाकी. पुण्याहून प्रकरणांचे थेट दुवे पाठवले गेले, पण त्यांचाही पत्ता तोच, म्हणून तेही अडले.

संध्याकाळी गावात इंटरनेट पुरवणारे केबलवाले आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. संगणकावर बराच वेळ काहीतरी तपासून म्हणाले, “मॅडम, एका चाळीत दहा बिऱ्हाडं. त्यातल्या एकानं लबाडी केली, म्हणून पोलिसांनी अख्ख्या चाळीला कुलूप ठोकलं, तसं झालंय. तुमच्या संकेतस्थळाचं बिऱ्हाड सरळ आहे, पण चाळीचा पत्ता एकच.”

“आणि मोबाईलवर?”

“वाईट पत्त्यांची यादी इकडच्या बहुतेक कंपन्या एकाच ठिकाणाहून घेतात, पुण्यातली कचेरी तेवढी त्यातून सुटली. मोबाईलवाल्यांच्या फायरवॉललाही, म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्यालाही, तीच यादी.” मग आवाज कमी करून म्हणाले, “तुमच्यापुरती आडवाट काढून देतो. पण वसतिगृहातलं कुलूप तसंच राहील.”

“मग मला आडवाट नको.”

त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज वरच्या कंपनीला फोन करीत राहिले. पुण्याहून संकेतस्थळ निर्धोक असल्याचे पत्र मागवले. तिसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन स्वतः एसटीने नगरला कंपनीच्या कचेरीत जाऊन आले.

तोवर मी चारला मुलीला फोन लावून वाचत होते. ती पलीकडे ब्रेलमध्ये टिपणे घेई. कागदावर टोचणीची टकटक माझ्या कानात येई आणि ती थांबली की मी पुढचे वाक्य उचली.

या गडबडीत एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. काच दोन दिवस सबंध दुपार थरथरली नव्हती. मागच्या दाराने गिरणीत गेले. वहिनी बंद यंत्राशेजारी पोत्यावर बसल्या होत्या. भुवयांवर पीठ नव्हते, त्यामुळे चेहरा अनोळखी वाटला.

“बाई, खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “आमच्या गिरणीचा आवाज शिरला म्हनूनच बंद केलं ना त्यांनी?”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“केबलवाला म्हनला, यादीत नाव गेलंय. मला वाटलं, आमचंच गेलं.”

मला हसू फुटले. मी त्यांना चाळीची गोष्ट सांगितली.

“म्हंजे आमी दोन दिस उगाच बंद ठिवली?”

“उगाच, वहिनी.”

“बाया लई बोलल्या मला.” त्या उठल्या, पदर खोचला, मोटारीच्या बटणावर हात ठेवला. “चारला मातर बंदच ठिवीन. फोनवर वाचता ना तुमी?”

परीक्षेला तीन दिवस उरले असताना केबलवाल्यांचा फोन आला. ते एवढेच म्हणाले, “यादीतून पत्ता निघाला. उघडून बघा.” कुलूप निघाले होते. मुलीला कळवायला फोन उचलला, तर तिचाच आला. तिने केव्हाच ऐकायला सुरुवात केली होती.

“मॅडम, संमतीचं प्रकरण संपतं तिथं गिरणी सुरू होते. तुम्ही कापायला विसरला होतात.”

“काढून टाकू का?”

“नको. ती आली की कळतं, संमती संपली. फोनवरही साडेचारला यायची ना, तेव्हाच मी टोचणी खाली ठेवायचे.”

उरलेली प्रकरणे मी पुढच्या दोन दिवसांत ध्वनिमुद्रित केली. शेवटच्या दिवशी साडेचार झाले, वाक्य संपले, पण मी बटण दाबले नाही. भिंतीपलीकडे मोटार घुरघुरली, काच थरथरली, दाणे पडू लागले. ते सगळे मी पुस्तकाच्या शेवटी तसेच ठेवले. वहिनींचे, पायरीवरच्या बायकांचे आणि केबलवाल्यांचे आभार मला एवढ्याच भाषेत मानता आले.

पेपर झाल्यावर मुलीने कळवले की संमतीवर मोठा प्रश्न होता आणि तिने त्याचे उत्तर पूर्ण सांगितले. परीक्षेत तिची उत्तरे लिहून घेणाऱ्या मुलीचा हात दुखला. मी ते वहिनींना सांगितले, संमतीच्या शेवटी वाजणाऱ्या गिरणीच्या आवाजासकट.

त्यांनी पिठाने पांढऱ्या झालेल्या हाताने कपाळ पुसले.

“मंग निम्मे मार्क आमचे,” त्या म्हणाल्या आणि पुढचा डबा ओतला.