आर्गॉनला कान लावणारा माणूस

इंडोनेशियातल्या बातामच्या जहाजगोदीत वागिमान तीस वर्षं पाइपांचं वेल्डिंग करत होता आणि आता पार थकला होता. अंगाने थकला तो थकलाच, मनही विटलं होतं. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. मुखवट्यात भिंग बसवून ठिणगीपुरतं निभत होतं, पण सिलिंडरवरच्या मीटरचा मेला काटा काही केल्या दिसेना. ऑपरेशनला रजा हवी, रजेला कारण लिहायला हवं, आणि कारण कळलं की वेल्डिंगच्या परवान्याचं कार्ड गेलंच. धाकटीच्या नर्सिंगची दोन वर्षं बाकी होती. म्हणून तो गप्प होता.

त्या सकाळी बॉयलरच्या वाफेच्या पाइपाचा जोड त्याच्याकडे आला. तापल्या जोडाला हवा लागू न देणारा आर्गॉन वायू मध्येच संपला तर जोड आतून काळा पडणार, आणि तसला जोड भर समुद्रात फुटला की खालची माणसं भाजून निघणार. त्याने मीटरकडे पाहिलं. नुसतं धुकं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने सिलिंडर कलता केला, हलवला आणि कान लावला. घरी बायको स्वैपाकाच्या गॅसचं असंच करते.

"पाक वागिमान, आर्गॉन कधीपासून डुचमळायला लागला?"

मागे एरलिना उभी होती, सिलिंडरच्या कोठाराची मुकादम. वडीलधाऱ्यांना तिकडे 'पाक' म्हणतात, तशी तीही त्याला म्हणायची. तिला हे काम त्यानेच शिकवलेलं. दर नव्या माणसाला तो सांगायचा, की स्वैपाकाचा गॅस दाबला की पाण्यासारखा होऊन बसतो, म्हणून डुचमळतो. आर्गॉनचे अणू मात्र पोटभर जेवलेले, त्यांना कुणाकडून काही नको. एकमेकांची ओढ इतकी नावापुरती, की साध्या उबेनेही ते सुटे पळतात. शून्याखाली शंभराच्याही पलीकडची थंडी दिल्याशिवाय, कितीही दाबा, त्याचं पाणी होत नाही. तेव्हा बाबांनो, मीटर वाचा, कान लावू नका. आणि आज हा स्वतःच कान लावून उभा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एरलिना हसली नाही. तिने वाकून काटा पाहिला.

"तळाला टेकलाय. निम्मा जोडसुद्धा झाला नसता," ती हळूच म्हणाली. "दुसरा आणते, पाक. मी कुणाला बोलणार नाही."

निभेल अजून वर्षभर, असं त्याला वाटलंही. मग तो उलट्या डब्यावर बसला, हातमोजे उतरवले आणि छातीवरचं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं.

"मला काटा दिसत नाही, एरलिना. साल झालं. या सालातले माझे सगळे जोड पुन्हा तपासायला सांग."